रेघेच्या वरची रोपं

२६ मे
वरचा तळ, उत्तराखंड

नीलाआत्या,

वाकून नमस्कार. तंबू इतका बुटका आहे की इथं सगळंच वाकून करावं लागतं.

पोहोचले. शेवटचं गाव खाली राहिलं, तिथून खेचराच्या मागं मागं दिवसभर चढून वर आले. खेचराचा मालक रामप्रसाद आठवड्यातून एकदा शिधा घेऊन येतो आणि जाताना टपाल नेतो. फोन लागत नाही. गावात उतरले की आईबाबांशी दोन मिनिटं बोलेन, पण बोलल्यासारखं बोलायचं तर पत्रच. तुला ते आवडतंच.

इथं जे आहे ते तुला एकदा दाखवायला हवं. डोंगर चढत जावं तशी झाडं आखूड होत जातात. खाली भोजपत्राची झाडं आपल्या घराहून उंच, मग माणसाएवढी, मग कमरेएवढी, आणि मग एकदम संपतात. कुणीतरी रेघ मारून ठेवल्यासारखं. रेघेच्या वर गवत आहे, बुटकी झुडपं आहेत, फुलं तर विचारू नकोस. झाड मात्र एक नाही.

पाणी आहे, माती आहे, ऊनही आहे. नाही ती ऊब. जगातल्या कुठल्याही डोंगरावर जा, वाढीच्या महिन्यांतलं सरासरी तापमान सहा अंशांच्या आसपास उतरलं की झाडं थांबतात. गंमत म्हणजे उपाशी राहून थांबत नाहीत. पानं थंडीतही अन्न करतात, पण त्या अन्नाचं लाकूड आणि मूळ बनत नाही. विटा आल्यात, सिमेंट आलंय, आणि गवंडीच गारठून घरी बसलाय, तसं. झुडपं जमिनीला चिकटून तिची ऊब घेतात. झाड उंच होतं आणि गार वाऱ्याच्या तोंडी सापडतं.

आता हवा तापत चालली आहे, तर ही रेघ वर सरकेल का, हा माझा प्रश्न. शेवटच्या झाडाच्या वर मला पाच रांगांची जागा मिळाली आहे. त्यात भोजपत्राची रोपं लावायची आणि ती तग धरतात का ते बघायचं.

बाबांची अट तुझ्यासमोरच ठरली. एक मोसम. रोपं जगली तर पुढची दोन वर्षं माझी. मेली तर दिवाळीनंतर जालन्यात कॉलेजात शिकवायचं, जागा त्यांनी बोलून ठेवली आहे. तू मध्ये पडलीस आणि म्हणालीस, "दादा, झाडं जगतील, माझी हमी." मी तुझ्या हमीवर इथवर आले आहे. तेव्हा आता सांग, कशी जगवू?

तुझी,
गंधाली


९ जून
मळा, बदनापूर

गंधाली,

पाकिटात मावतील तेवढे आशीर्वाद घातलेत, उरलेले इथं ठेवलेत.

हमीची काळजी तू करू नकोस, ती माझी आहे. मोठ्या दुष्काळात अर्ध्या तालुक्यानं मोसंबी तोडून सरपण केलं, तेव्हा मी चारचौघांत म्हटलं होतं की माझी बाग राहील. दादा हसला होता. बाग राहिली. का राहिली? मी मुळं गार ठेवली म्हणून. बाकी सगळ्यांनी टँकर आणले, मीही आणले. पण त्यांनी पाणी उघड्या मातीत ओतलं आणि मी झाकलेल्या मातीत.

लोक झाडाकडं वर बघतात, कारण वरचं दिसतं. झाड म्हणजे मूळ. मुळाला ऊन लागलं की संपलं. तेव्हा रोप लावलंस की आळं करायचं आणि त्यावर वीतभर जाड आच्छादन घालायचं. सोयाबीनचं कुटार तिथं कुठून मिळणार, पण वाळलेलं गवत मिळेल. कंजूषपणा करू नकोस. खोडाला चिकटवू नकोस, बोटभर जागा सोड. हे तुला लहानपणीच शिकवलंय, पण शिकलेली माणसं शिकलेलं विसरतात.

साळूबाई इथंच बसली आहे, माझ्याबरोबर बागेत तिची हयात गेली. ती म्हणते, "पोरीला सांगा, झाडाशी बोलत जाय. आपण न्हाई बोललो तर ते रुसतंय." मी म्हटलं, त्या झाडांना मराठी येत नसेल. तर म्हणे, "मंग हिंदीत बोलंल. पोरगी हुशार हाय."

पारा इथं त्रेचाळीसवर आहे. मोसंबीची आंबे बहाराची फळं बोराएवढी होऊन गळतायत. एवढ्या उन्हात मोसंबीही पानं आखडून घेते आणि वाढायचं थांबते. तुझी झाडं थंडीनं थांबतात, माझी उन्हानं. तरी माझी जगली आहेत. तुझी का जगणार नाहीत?

आत्या


२ जुलै
वरचा तळ

आत्या,

तुझ्या सांगण्याबरहुकूम सगळं केलं. रामप्रसादकडून वाळलेल्या गवताचे भारे मागवले आणि पाचही रांगांना वीतभर आच्छादन घातलं. प्रत्येक रोपाभोवती तारेची जाळी आहे, तिच्या बाहेर चहूकडं गवत. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी डोंगरावर गाद्या वाळत घातल्यात.

पावसाला सुरुवात झाली आहे. इथला पाऊस आपल्यासारखा अंगावर येत नाही, तो ढगाच्या रूपानं तंबूतच येऊन बसतो. काल माझे मोजे चुलीवर वाळवताना जळले. पीठ संपत आलं होतं म्हणून तीन दिवस भात खाल्ला. चहा मात्र रामप्रसाद झकास करतो, त्यात कसलीतरी पाला-मुळी घालतो आणि विचारलं तर सांगत नाही. माझे संशोधनाचे मार्गदर्शक सर पुढच्या महिन्यात येऊन बघून जातील.

एक भानगड झाली. गेल्या आठवड्यात वादळामुळं रामप्रसादला रात्री इथं राहावं लागलं. त्यानं खेचर वरच्या रांगेपाशी बांधलं आणि सकाळी बघते तर त्या अख्ख्या रांगेचं आच्छादन फस्त. जाळीमुळं रोपांना तोंड लागलं नाही एवढंच नशीब. मी त्याला चांगलंच झापलं. नवे भारे आणून देतो म्हणाला, पण वाट खचली आहे, तेव्हा कधी ते देव जाणे.

रोपं शांत आहेत.

गंधाली


२१ जुलै
मळा, बदनापूर

गंधाली,

चहावर पाच ओळी आणि रोपांवर एक. मी काय ओळखत नाही का तुला? दहावीचा निकाल लागला तेव्हाही तू घरी येऊन आधी चप्पल तुटल्याचं सांगितलं होतंस, आणि मग हळूच टक्के. चांगली बातमी लपवून ठेवायची तुझी खोड जुनी आहे.

रोप शांत आहे म्हणजे ते खाली मूळ धरतंय. आधी खाली, मग वर. हे मी दादालाही फोन करून सांगितलं. त्यानं विचारलं, "शांत म्हंजे काय? जिवंत का मेलेली?" मी म्हटलं, तुझ्यासारखी, हिशोबात गढलेली. फोन ठेवून दिला त्यानं.

त्या खेचराच्या मालकाला माझा निरोप दे की उघडी रांग तशीच राहिली तर त्या रोपांचं पाप त्याच्या माथ्यावर. लवकर झाकून घे.

आत्या


१४ सप्टेंबर
मळा, बदनापूर

गंधाली,

दोन महिने झाले. पत्र नाही. दादाला तू फोनवर "सगळं ठीक" म्हणालीस एवढंच कळलं. वाट खचली आहे म्हणतेस, पण तुझा फोन खाली उतरतो आणि पत्र उतरत नाही, हे कसं?

महालक्ष्म्या झाल्या. सगळं गणगोत जेवायला होतं, टेंभुर्णीची काकू, भोकरदनचे जावई, सगळे. दादा वाढत होता. कुणीतरी विचारलं, गंधाली काय करते. मी काय गप्प बसते? सांगितलं की जिथं देवानं झाड लावलं नाही तिथं माझी भाची झाडं लावते, आणि ती माझ्या आच्छादनावर जगली आहेत. जावई म्हणाले, "बराबर आहे, आत्याबाईंची बाग पाह्यलीच की आम्ही." पुरणाचा घास तोंडात असताना दादानं मान डोलावली. तू बघायला हवं होतंस.

आता तू लिही. दादाला मी दिवाळीआधी कागदावर दाखवीन म्हटलंय.

आत्या


२७ सप्टेंबर
वरचा तळ

आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. चौथ्यांदा घालणार नाही.

रोपं जगली नाहीत. चार रांगांतली बहुतेक गेली. काहींची कळी उमललीच नाही, काहींनी एक पान काढलं आणि ते पिवळं पडलं. उपटून बघितली तर मुळं लावली तेवढीच, नवा एक धागा नाही. खालून कुजलेली.

आणि पाचवी रांग, खेचरानं उघडी केलेली आणि नवे भारे न आल्यानं तशीच राहिलेली, ती उभी आहे. त्यातल्या जवळजवळ सगळ्या रोपांना नवी फूट आहे. बोटाएवढी, पण आहे.

ऑगस्टमध्ये मला पहिल्यांदा शंका आली. मातीत खुपसायचा थर्मामीटर घेऊन एका उघडीपीच्या दुपारी सगळ्या रांगा मोजल्या. गवताखाली पाच अंश, उघड्या मातीत अकरा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आपल्याकडं मूळ भाजू नये म्हणून आपण माती झाकतो. इथं सूर्य दिवसातून थोडा वेळ माती तापवतो, आणि तेवढ्या उबेवर मुळाचं वर्षभराचं काम चालतं. ती ऊब मी पांघरुणाच्या बाहेर अडवून ठेवली. पावसानं गवत भिजलं तेव्हा तर खाली नुसता बर्फाचा गोळा झाला. मी त्याच दिवशी सगळं गवत काढून टाकलं आणि रोपांच्या कडेनं काळे दगड मांडले, ते दिवसा तापतात. पण उशीर झाला होता.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. विषय मी शिकले आहे. सहा अंशांचं तुला मीच लिहिलं, आणि महिन्याभरात गवत मीच अंथरलं. डोक्यात सगळं होतं, पण हात आपल्या मळ्यात वाढलेले. रोप दिसलं की ते माती झाकतात. सर आले तेव्हा त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं होतं झाकायला? मी म्हटलं, कुणी नाही, आमच्याकडं झाकतातच.

सर रागावले नाहीत. ते म्हणाले की चार झाकलेल्या रांगा आणि एक उघडी, असा प्रयोग आपण मुद्दाम केला असता तर नीट केला असता, पण उत्तर हेच आलं असतं. पुढच्या वर्षी तो मुद्दाम करायचा. मलाही आता पक्कं ठाऊक आहे काय करायचं ते. झाडाची वरची हद्द हवेत शोधतात, मला ती मुळाशी मोजायची आहे. एवढी खात्री मला आजवर कशाचीच वाटली नव्हती. आणि नेमकं आताच मला परत यावं लागणार आहे.

लपवलं, कारण तू दिलेला शब्द माझ्यामुळं खोटा पडत होता. महालक्ष्म्यांचं वाचलं आणि रडले. बाबांना तू सांगू नकोस, मी खाली उतरून सांगते. अट अट असते. दिवाळीला येते आणि कॉलेजात रुजू होते.

गंधाली


११ ऑक्टोबर
मळा, बदनापूर

गंधाली,

पत्र वाचून आधी राग आला, तो खेचराचा. माझं जन्मभराचं शहाणपण त्यानं एका रात्रीत खाल्लं आणि वर तेच बरोबर ठरलं.

मग मी आपल्या बागेत गेले. एका ओळखीच्याकडून तुझ्यासारखाच मातीचा थर्मामीटर आणवला. ऑक्टोबरचं ऊन तुला माहीत आहे. दुपारी उघड्या मातीत एकेचाळीस, कुटाराखाली एकोणतीस. तेव्हा माझं म्हणणं इथं सोळा आणे खरं आहे आणि मी ते कुणाला बदलू देणार नाही. चूक झाली ती एवढीच की मी बदनापूरचं औषध न विचारता हिमालयाला पाजलं. साळूबाईला सगळं सांगितलं तर ती पोट धरून हसली. "झाडं तिथं ऊन मागून राह्यली, अन् ताई, तुम्ही गोधड्या धाडल्या."

तू सांगू नकोस म्हणालीस, पण हमी माझी होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून जालन्याला गेले. तुझी आई भाजी आणायला गेली होती. दादा पेपर वाचत होता. मी बसलेसुद्धा नाही.

"दादा, झाडं मेली."

त्यानं पेपर खाली ठेवला. "सगळी?"

"चार रांगा. माझ्या सांगण्यानं मेली. मी झाकायला लावलं, तिनं झाकलं. एक रांग खेचरानं उघडी केल्ती, ती तेवढी जगली."

"तू तर महालक्ष्मीला सांगत होतीस की जगली म्हणून."

"चुकलं माझं. हमी मी दिल्ती, हरले मी. शिक्षा मला कर. तिला काय म्हणून?"

त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. तुला माहीतच आहे तो कसा बघतो, समोरच्याला वाटावं आपणच खुर्ची आहोत. मग मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा पुसला आणि वाचलं. उलटं करून परत वाचलं. मला वाटलं आता अटीचं काढणार. तर विचारतो काय, "हे मोजे चुलीवर वाळवायचं म्हंजे, तिला दुसरे न्हाईत का?"

मी म्हटलं, ते जुलैचं आहे, ते या पत्रात नाहीच, ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. तर म्हणे, "तेच म्हणून राह्यलो. जुलैपासून विचारायचं राह्यलंय."

मग उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. मी चहा न पिता निघाले. काय ठरवलं ते मला ठाऊक नाही. पण मी एवढं सांगते, तुझी पाचवी रांग जगली आहे आणि तू चुकीचं काही केलेलं नाहीस. दादानं काहीही ठरवलं तरी मी पुन्हा त्याच्या दारात जाऊन उभी राहीन. या वेळी हमी देणार नाही, भांडेन. ते मला जास्त चांगलं जमतं.

आत्या


१२ ऑक्टोबर
जालना

चि. गंधाली हिस,

संदर्भ: तुझे नीलास आलेले दि. २७ सप्टेंबरचे पत्र.

वरील पत्र वाचले. मला पत्र लिहिण्याची सवय नाही. कार्यालयात तीस वर्षे जी लिहिली ती सर्व अशीच सुरू होत, म्हणून असे सुरू केले. रागावू नकोस.

कॉलेजला आज कळविले आहे की उमेदवार रुजू होणार नाही. त्यांनी कारण विचारले. मी म्हटले, तिचे काम अर्धे झाले आहे.

आता जे लिहितो ते नीलाला दाखवू नकोस. ती अट मी झाडांसाठी घातली नव्हती. तिथे काही उगवत नाही असे तूच सांगितले होतेस, म्हणून मला वाटले की ही झाडे मरणारच, आणि तू सहा महिन्यांत घरी येशील. काल नीला म्हणाली झाडे मेली, तेव्हा मला आनंद झाला. बाप असून हे लिहायला लाज वाटते, पण झाला. मग तिने एक रांग जगली असे सांगितले, आणि त्याचाही झाला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. मी आत जाऊन बसलो, कारण मला काय होत आहे ते मला समजेना. तुझ्या आईने दार वाजवले तेव्हा उघडले.

पत्रात तू लिहिले आहेस की तुला एवढी खात्री आजवर कशाची वाटली नव्हती. ते वाक्य मी पुष्कळ वेळा वाचले. मला माझ्या कामाबद्दल असे एकदाही वाटले नाही. ज्याला वाटते त्याला मी परत बोलावणार नाही.

पुढची दोन वर्षे तुझी. त्यानंतर काय ते तूच ठरव, मला विचारण्याची गरज नाही, कळव म्हणजे झाले.

बर्फ पडू लागला की तुम्ही सर्व खाली उतरता असे नीला म्हणाली. तेव्हा घरी ये. नोकरीसाठी नव्हे. जेवायला.

तुझा बाप,
भालचंद्र